पन्नास टीलाइट घरी करावेत की विकत आणावेत?

तुमच्या प्रश्नातील तपशील आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझे उत्तर कशाला आहे हे स्पष्ट राहील. दिवाळीच्या पाच दिवसांत देवघर, खिडक्या आणि दारातील रांगोळी मिळून तुम्हाला पन्नास ते साठ टीलाइट, म्हणजे पातळ पत्र्याच्या कपातल्या बुटक्या मेणबत्त्या, लागतात. गेल्या वर्षीचे ॲल्युमिनियमचे रिकामे कप तुम्ही डब्यात साठवून ठेवले आहेत आणि अर्धवट जळलेल्या मेणबत्त्यांचे तुकडेही आहेत. सातवीतल्या मुलीला हे काम करण्याची हौस आहे. घरी केल्यास पैसे वाचतील का, कष्टाचे चीज होईल का आणि समईची कापसाची वात वापरून चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी साताऱ्यात सोळा वर्षे मेणबत्त्या करतो आणि अधूनमधून शिकवतोही. हा प्रश्न दर सप्टेंबरात कोणीतरी विचारतेच, पण वातीविषयी फार थोडे जण विचारतात, आणि खरी मेख तिथेच आहे.

पांढरा, बिनवासाचा, साधा टीलाइट हवा असेल तर तो घरी करून पैसे वाचत नाहीत. सुगंधी टीलाइट हवे असतील, मातीच्या पणत्यांत मेण भरायचे असेल किंवा मुलीबरोबर एक दुपार घालवायची असेल, तर मात्र हिशेब बदलतो. म्हणजे परवडते की नाही हे तुम्ही घरच्या दिव्याची तुलना कशाशी करता यावर अवलंबून आहे.

आधी पैशांचे पाहू. प्रमाण मापाचा टीलाइट साधारण ३८ मिलिमीटर व्यासाचा असतो, त्यात १२ ते १५ ग्रॅम मेण मावते आणि तो सुमारे चार तास जळतो. १४ ग्रॅम धरले तर एक किलो मेणात सत्तर टीलाइट होतात, आणि सांडलवंड धरून नवशिक्याच्या हाती पासष्टच येतात. हिशेबासाठी किरकोळीचा भाव मेणाला १८० रुपये किलो, कपाला दीड रुपया आणि पत्र्याची चकती लावलेल्या तयार वातीला एक रुपया धरू; तुमच्या बाजारात भाव वेगळा असेल तर तो घालून पाहा. या हिशेबाने एका टीलाइटला पाच ते सव्वापाच रुपये पडतात. पन्नासांचे तयार पाकीटही याच्याच आसपास मिळते, कधी स्वस्तही मिळते. तुमच्याकडे कप आधीच आहेत म्हणून दीड रुपया वजा केला, तरी पन्नास दिव्यांमागे पाऊणशे रुपये सुटतात आणि त्यातून गॅस, थर्मामीटर व खराब झालेले एक पातेले वळते करायचे असते.

कारखान्याशी बरोबरी का होत नाही, याचे कारण पद्धतीत आहे. आपण मेण वितळवून ओततो आणि ते गोठण्याची वाट पाहतो. मोठ्या कारखान्यात बहुतेक टीलाइट ओतलेले नसतातच. वितळलेल्या मेणाचे तुषार थंड फिरत्या पिंपावर उडवून त्याची भुकटी करतात, ती भुकटी औषधाच्या गोळीसारखी दाबून मधोमध भोक असलेली वडी काढतात, भोकात चकतीसकट वात घालतात आणि वडी कपात बसवतात. गोठण्याचा वेळ जवळजवळ लागतच नाही. तुमच्याकडचा एखादा नवा टीलाइट उलटा करून आपटला तर मेणाची वडी सुटून बाहेर येते आणि तिच्या कडा ठिसूळ, दाणेदार दिसतात. ती दाबलेल्या भुकटीची खूण आहे. या यंत्राशी हाताने स्पर्धा करणे म्हणजे कागद घरी तयार करून वह्या स्वस्त पडतील अशी आशा धरण्यासारखे आहे.

पाकीट घेताना मात्र केवळ नगावर भाव पाहू नये. स्वस्त पाकिटातले टीलाइट दिसायला तेवढेच असतात, परंतु त्यांत मेण आठ-नऊ ग्रॅमच भरलेले असते आणि ते दोन-अडीच तासांत विझतात. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर एकदम दहा टीलाइट ठेवावेत. एका टीलाइटमागे कप आणि चकतीचे मिळून वजन जेमतेम एक-दीड ग्रॅम असते, तेवढे वजा केले की मेण किती ते कळते. टीलाइटचे मेण तासाला साडेतीन ग्रॅमच्या आसपास जळते, म्हणून ग्रॅमवरून तासही काढता येतात. ताशी भाव काढल्यावर स्वस्त पाकीट अनेकदा महाग ठरते, आणि घरचा टीलाइट थोडाफार पुढे जातो तो फक्त अशा पाकिटाशी तुलना केली तर.

आता वातीकडे येतो, कारण घरी केलेले दहापैकी आठ टीलाइट वातीमुळेच बिघडतात. टीलाइटमध्ये पेटवल्यानंतर थोड्याच वेळात कपातील सगळेच्या सगळे मेण वितळते. जाड मेणबत्तीत वात घट्ट मेणात रुतलेली असते, त्यामुळे ती उभी राहते. टीलाइटमध्ये तिला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. म्हणून वातीच्या बुडाशी पत्र्याची चकती असते, जिला दुकानदार सस्टेनर म्हणतात. चकतीला मधोमध दोन-तीन मिलिमीटर उंचीची नळी असते आणि तिचे काम केवळ वात उभी धरण्याचे नाही. मेणाची पातळी नळीच्या तोंडापर्यंत आली की वातीला मेण मिळणे थांबते आणि ज्योत आपोआप विझते. नळी नसेल तर ज्योत कपाच्या तळाला टेकेपर्यंत जळत राहते, पत्रा तापतो आणि खालच्या सनमायक्यावर किंवा लाकडावर काळा डाग पडतो.

समईची वात चालेल का, याचे उत्तर यातच आहे. ती सैल वळलेली असते, आणि तेलात बुडून एका कडेला टेकून जळण्यासाठी तशीच हवी असते. मेणात ती दोन प्रकारे दगा देते. एक तर सगळे मेण वितळताच ती आडवी होते आणि तरंगत कपाच्या कडेला जाऊन चिकटते. दुसरे म्हणजे ती गरजेपेक्षा जास्त मेण ओढते, टोकाला काजळीचे बोंड धरते आणि धूर सोडते. मेणबत्तीची वात विणलेली असते. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस याने ही विणलेली वात आणली. तिचे वैशिष्ट्य असे की जळताना ती किंचित वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला, जिथे हवा भरपूर मिळते तिथे, येते आणि जळून राख होते. म्हणूनच त्याआधीच्या काळासारखी वात पुन्हा पुन्हा कातरावी लागत नाही. तेव्हा कप जुने चालतील, मेण जुने चालेल, पण वात नवी, विणलेली, मेणात बुडवलेली आणि चकतीसकटच आणावी. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या परिसरात, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला, आणि आता ऑनलाइनही टीलाइटच्या मापाच्या अशा वाती शेकड्याने मिळतात.

जुन्या मेणाविषयी थोडे निराश करावे लागेल. जळून गेलेल्या टीलाइटच्या तळाशी नळीखाली जे मेण उरते ते कपामागे फार तर ग्रॅमभर असते, म्हणजे पन्नास कप खरवडून तुमच्या हाती तीन-चार टीलाइटपुरते मेण येईल. अर्धवट मेणबत्त्यांचे तुकडे अधिक उपयोगी आहेत. ते वितळवून जुन्या सुती धोतराच्या तुकड्यातून गाळून घ्यावेत, कारण काडीपेटीच्या काडीचा किंवा जळक्या वातीचा एक कणही टीलाइटमध्ये दुसरी वात होऊन पेटतो. वेगवेगळ्या रंगांचे तुकडे एकत्र केले तर नेमका मातकट तपकिरी रंग येतो, म्हणून रंगाप्रमाणे वेगळे ठेवलेले बरे. रंग आणायचा म्हणून मुलीच्या तेलखडूंचे तुकडे मात्र मेणात घालू देऊ नका. त्यातील रंगद्रव्य विरघळत नाही, ते वातीत अडकते आणि ज्योत दहा मिनिटांत मिणमिणू लागते. मेणात विरघळणारा रंग वेगळा मिळतो आणि किलोला चिमूटभर पुरतो.

जुने कप पुन्हा वापरता येतात, पण दोन-तीन वेळांपेक्षा जास्त नाही. पत्रा इतका पातळ असतो की घासताना दुमडतो, आणि दुमडलेल्या जागी बारीक चीर गेली तर वितळलेले मेण गळते. गरम पाण्यात बुडवून मेण सुटू द्यावे, कपड्याने पुसावे आणि उजेडासमोर धरून पाहावे. भोकातून उजेड आला तर कप टाकून द्यावा. ते गरम पाणी मोरीत ओतू नये, गार करून वर आलेला मेणाचा पापुद्रा काढून मगच ओतावे. मोरीच्या नळीत गोठलेले मेण काढायला जो खर्च येतो त्यात दोन दिवाळ्यांचे टीलाइट येतात, हे मी स्वतः मोजून सांगतो.

नवे मेण कोणते घ्यावे, हा प्रश्न टीलाइटपुरता फार अवघड नाही. पॅराफिन म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना मिळणारे मेण. आसामातील दिग्बोई आणि नुमालीगड येथील शुद्धीकरण कारखान्यांत ते तयार होते. साधारण ५८ ते ६० अंश सेल्सिअसला वितळणारे, पूर्ण शुद्ध केलेले पॅराफिन टीलाइटला उत्तम चालते. सोया मेण अधिक मऊ असते, ५० अंशांच्या आसपास वितळते, सुगंध चांगला धरते आणि दुपटीहून महाग पडते. त्याला वात एक माप मोठी लागते, कारण ते दाटसर असल्यामुळे वातीतून सावकाश चढते. पॅराफिनची वात सोयाला लावून ज्योत बुडाली म्हणून मेणाला दोष देणारे पुष्कळ भेटतात. दिवाळीत सोया निभावून जाते, परंतु मे महिन्यात नागपूरला बंद गाडीत ठेवलेले सोयाचे टीलाइट मी पूर्ण पातळ झालेले पाहिले आहेत. मधमाश्यांचे मेण सुंदर असते आणि ६२ ते ६४ अंशांना वितळते, पण त्यात भेसळ फार असल्यामुळे ओळखीच्या मधपाळाकडून मिळत असेल तरच घ्यावे.

घरच्या कष्टाचे मोल खरोखर मिळते ते दोन ठिकाणी. पहिले सुगंधी टीलाइट. बाजारातील सुगंधी टीलाइट साध्यापेक्षा कितीतरी महाग असतात आणि त्यांचा वास बहुधा एकाच साच्यातला असतो. घरी तुम्ही केवडा, मोगरा, खस यांपैकी हवा तो मेणबत्तीसाठीचा सुगंध घालू शकता. पॅराफिनमध्ये वजनाच्या पाच-सहा टक्क्यांपेक्षा जास्त घालू नये, म्हणजे १४ ग्रॅमच्या टीलाइटला पाऊण ग्रॅम पुरे. जास्त घातल्याने वास वाढत नाही, उलट मेणाला घाम फुटल्यासारखे तेल वर येते. गुलाबपाणी अजिबात घालू नका, त्यातले पाणी तडतडते आणि ज्योत विझवते. अंगाला लावायच्या स्प्रेमध्ये मद्यार्क असतो, तो तापलेल्या मेणात ओतणे सरळ धोक्याचे आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे मातीच्या पणत्या. नाक्यावर मिळणारी मेण भरलेली रंगीत पणती आणि कुंभाराकडची कोरी पणती यांच्या किमतीत जो फरक असतो तो बहुतांशी हातकामाचा असतो आणि ते हातकाम घरी होण्यासारखे आहे. येथे एक गोष्ट उलटी आहे, ती लक्षात ठेवा. तेलाची पणती आपण आदल्या रात्री पाण्यात भिजत घालतो, म्हणजे माती तेल पीत नाही. मेणाच्या पणतीला हे चालत नाही. ती दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवावी लागते, कारण मातीत ओल राहिली तर गरम मेण पडताच ते उडते. माती मेण पिते ते पिऊ द्यावे. पहिला पातळ थर ओतून गोठू द्यावा, मग वात बसवावी आणि वरचा थर ओतावा. आतल्या बाजूला रंग किंवा व्हार्निश लावू नये, नक्षी बाहेरूनच करावी. पणती टीलाइटपेक्षा रुंद असल्यामुळे तिला टीलाइटची वात अपुरी पडते, मोठ्या मापाची घ्यावी लागते, आणि खाली बशी ठेवावी लागते, कारण मातीतून झिरपलेले मेण फरशीला गोल डाग पाडते. हाताने केलेली वस्तू हाताची म्हणूनच घेतली जाते अशा जागी यंत्राची भीती नसते. वांद्र्याला सप्टेंबरातल्या माउंट मेरीच्या जत्रेत नवसासाठी हात, पाय, घर अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू मांडलेल्या असतात, तिथे वडी दाबणारे यंत्र काय कामाचे?

मुलगी बरोबर असणार म्हणून सुरक्षिततेचे थोडे सविस्तर लिहितो. मेण थेट आचेवर कधीही वितळवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाची किटली, अशी रचना असली की मेण शंभर अंशांच्या वर जाऊ शकत नाही. शक्य असेल तर गॅसऐवजी इंडक्शनची शेगडी वापरावी. थेट आचेवर राहिलेले मेण साधारण दोनशे अंशांच्या पुढे गेले की त्याची वाफ पेट घेऊ शकते. तसे झालेच तर आच बंद करून झाकण घालावे. पाणी घालू नये. पाणी जड असल्यामुळे मेणाच्या तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि ती पेटते मेण वर उडवते. आग दिसली की पाणी टाकायचे ही सवय आपल्या हाडीमाशी भिनलेली असल्यामुळे मुलीला हे आधीच सांगून ठेवावे, आणि ओतण्याचे काम मोठ्यांनी करून वाती लावण्याचे, कप मांडण्याचे काम तिला द्यावे.

लावतानाची काळजीही तितकीच महत्त्वाची आहे. एक टीलाइट सुमारे चाळीस वॉट उष्णता देतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण रांगोळीत दाटीवाटीने तीस ठेवले की बाराशे वॉट होतात, म्हणजे चांगल्या तापलेल्या इस्त्रीपेक्षा जास्त. सुरुवातीच्या काळात मी फोटोसाठी स्टीलच्या ताटात बारा टीलाइट एकमेकांना चिकटवून लावले होते. वीस मिनिटांत ज्योती बोटभर उंच झाल्या आणि मग एका कपातील सगळ्या मेणानेच पेट घेतला. शेजारी तांब्या घेऊन धावले होते, त्यांना अडवून मी ताटावर मोठे झाकण टाकले. तेव्हापासून दोन टीलाइटमध्ये चार बोटांचे अंतर हा आमच्याकडचा नियम आहे. रांगोळीत झेंडूच्या पाकळ्या वापरत असाल तर त्या कपात पडणार नाहीत इतक्या लांब ठेवाव्यात, कारण वाळलेली पाकळीही वात होते.

वेळेचा अंदाज असा आहे. पन्नास टीलाइटसाठी माझे काम दोन तासांत आटोपते, कारण सामान मांडलेलेच असते. पहिल्यांदा करणाऱ्याने अर्धा दिवस धरावा. त्यात कप धुणे, मेण गाळणे आणि शेवटी वर्तमानपत्राने पातेली पुसणे, हेच सर्वांत लांबते. मेण ७५ ते ८० अंशांवर असताना ओतावे. ते गोठताना आक्रसते आणि वातीभोवती खळगा पडतो, तो भरायला थोडे मेण राखून ठेवावे.

तुमच्या बाबतीत मी काय केले असते, ते सांगतो. खिडक्यांसाठी आणि रांगोळीसाठी चाळीस साधे टीलाइट वजन करून विकत आणले असते. घरी दहा-बारा सुगंधी टीलाइट जुन्या कपांत आणि आठ-दहा मातीच्या पणत्या केल्या असत्या, म्हणजे मुलीची हौसही होते आणि किलोभर मेणात काम भागते. पण एकदम सगळे ओतू नका. वाती दोन मापांच्या आणा आणि वसुबारसेच्या निदान आठवडाभर आधी प्रत्येक मापाचे तीन-तीन टीलाइट करून पाहा. एक दिवस ते तसेच राहू द्या, तिन्हींचे मिळून वजन करा, पंख्याखाली नसलेल्या जागी एक तास जाळा, विझवून गार होऊ द्या आणि पुन्हा वजन करा. तिघांचे मिळून दहा-अकरा ग्रॅम कमी झाले असतील, ज्योत पेराएवढी आणि स्थिर असेल, वर धरलेल्या बशीला काजळी लागत नसेल, तर माप बरोबर आहे. पंधरा ग्रॅमपर्यंत गेले तर वात जाड आहे, आणि सात ग्रॅमच्या खाली राहिले किंवा मेणाचे कडे न वितळता उरले तर बारीक आहे. जी वात या चाचणीत टिकेल तीच उरलेल्या कपांना लावा. पणत्यांची चाचणी वेगळी घ्या, तिथे हे आकडे चालणार नाहीत.